जिभेचे ऋण

मनुष्य शिकून मोठा होतो, असे आपण नेहमी म्हणतो. परंतु विद्येचा एक प्रकार असा आहे की, तिच्या दारात मोठ्या माणसाला आधी लहान व्हावे लागते. परक्या देशात परकी भाषा शिकणे हा तो प्रकार होय. गणित शिकू लागलेला मनुष्य गणितापुरता अडाणी असतो. इतर बाबतींत तो होता तसाच राहतो. परभाषा शिकणारा मात्र सर्वच बाबतींत अडाणी ठरतो. त्याचे ज्ञान, त्याचे वय, त्याचा विनोद, त्याची श्रद्धा हे सारे त्याच्यापाशी असते, पण ते बाहेर येण्याचा दरवाजा बंद असतो. अशा वेळी तो मनुष्य खरोखर लहान झालेला असतो की केवळ लहान दिसत असतो? आणि ज्यांच्या दारी तो असा मुका उभा राहतो, ते त्याचे काही देणे लागतात की नाही? या दोन प्रश्नांचा विचार आम्हांला येथे करावयाचा आहे.

महाराष्ट्रातील अनेक धर्मगुरू आणि धर्मभगिनी ईशज्ञान, पवित्र शास्त्र किंवा चर्चचा कायदा यांच्या उच्च अभ्यासासाठी रोमला जातात. संत इग्नेशियस लोयोला यांनी १५५१ साली स्थापन केलेल्या रोमन कॉलेजातून पुढे जे ग्रेगोरियन विद्यापीठ झाले, तेथे पूर्वी लॅटिनमधून व्याख्याने होत. पुण्यामुंबईच्या गुरुविद्यालयांत लॅटिन घोटलेला विद्यार्थी तेथे अगदीच निराधार नसे. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनंतरच्या वर्षांत लॅटिन मागे पडली आणि तिची जागा इटालियनने घेतली. त्यामुळे आमच्या पिढीतील विद्यार्थ्यांना ईशज्ञानाच्या आधी व्याकरणाची पायरी चढावी लागली. पुष्कळांना त्यासाठी प्रथम पेरूजा या डोंगरावरील नगरात, परदेशीयांसाठी असलेल्या विद्यापीठात धाडीत असत. आम्हीही त्या वाटेने गेलो. आमच्या वर्गात कोरिया, काँगो, पोलंड आणि ब्राझील येथील माणसे होती. ब्राझीलची मंडळी महिन्याभरात घडाघडा बोलू लागली. कारण पोर्तुगीज ही इटालियनची सख्खी बहीण. उरलेले आम्ही भिंतीला धरून चालणाऱ्या मुलांसारखे शब्दाशब्दाला धरून चालत होतो.

मराठी माणसाला इटालियन तितकीशी परकी नाही, हे येथे सांगितले पाहिजे. 'चेंतो' म्हणजे शंभर. त्यातला 'च' आपल्या चित्रातला. 'ग्रात्सिए' म्हणजे आभार. त्यातला 'त्स' हा आपल्या चाकातला 'च'. हे दोन्ही 'च' मराठी माणूस आईच्या मांडीवरच शिकलेला असतो. साधे आणि जोड व्यंजन यांतला भेदही आपल्या कानाला सवयीचा आहे. 'कपेल्लो' म्हणजे केस, 'कप्पेल्लो' म्हणजे टोपी आणि 'कप्पेल्ला' म्हणजे प्रार्थनामंदिर. इंग्रज मनुष्य येथे गोंधळतो; कला आणि कल्ला यांतला फरक जाणणाऱ्या आपल्याला तो ऐकू येतो. 'तो गेला, ती गेली' हा लिंगभेद इटालियन क्रियापदही पाळते: 'आंदातो', 'आंदाता'. आणि 'तू' हा शब्द तर जसाच्या तसा 'तू' आहे.

या नात्याचा शोध प्रथम लागला तो आपल्याच किनाऱ्यावर. फ्लॉरेन्सचा व्यापारी फिलिप्पो सास्सेत्ती १५८३ साली भारतात आला आणि १५८८ साली गोव्यात निवर्तला. संस्कृतातील सहा, सात, आठ, नऊ हे अंक आणि देव व सर्प यांची नावे आपल्या इटालियन शब्दांशी जुळतात, हे त्याने मायदेशी लिहिलेल्या पत्रात नोंदविले. त्याच सुमारास, १५८३ साली, गोव्यातूनच फादर थॉमस स्टीफन्स यांनी आपल्या बंधूला लिहिले की, येथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे. पुढे दोन शतकांनी जे शास्त्र झाले, त्याचे हे पहिले उद्गार. नाते किती जवळचे, ते पाहा. लॅटिन 'सेप्तेम'चे इटालियनमध्ये 'सेत्ते' झाले. संस्कृत 'सप्त'चे प्राकृतात 'सत्त' आणि मराठीत 'सात' झाले. 'ऑक्तो'चे 'ओत्तो' झाले, 'अष्ट'चे 'अट्ठ' आणि मग 'आठ'. हजारो कोसांवरील दोन लोकसमूहांच्या जिभांनी कठीण जोडाक्षरे सारख्याच रीतीने मऊ केली. पंडितांची भाषा बाजारात आणि स्वयंपाकघरात उतरली की तिचे असेच होते. ज्ञानदेवांनी १२९० साली गीतेचे तत्त्वज्ञान मराठीत आणले. त्यानंतर काही वर्षांतच दान्तेने आपले महाकाव्य लॅटिनऐवजी लोकभाषेत रचावयास घेतले. मोठ्या आत्म्यांना लोकांच्या जिभेची लाज वाटत नाही.

परंतु नाते जवळचे असले म्हणून वाट सोपी होत नाही. परीक्षा तोंडी असे. दहापंधरा मिनिटांत काय ते सांगावयाचे. तेथे एखाद्या दयाळू प्राध्यापकांकडून इंग्रजीची सवलत तरी मिळे. खरी कसोटी जेवणाच्या टेबलावर असे. कोणी काही बोले, सारे हसत; हसणारे हसून थांबले की आम्हांस विनोद कळे, आणि तोवर गोष्ट तिसऱ्याच विषयावर गेलेली असे. पुस्तकात 'आंदियामो' शिकून बाहेर पडावे, तर पावाच्या दुकानातील रोमन आजीबाई 'आन्नामो' म्हणत. जाऊ या, एवढाच दोहोंचा अर्थ. पुस्तकातली भाषा आणि रस्त्यावरची भाषा यांतले हे अंतर कोणत्याही शब्दकोशात मोजलेले नसते.

या काळात मनाला जे होते, ते केवळ गैरसोय म्हणून सोडून देण्यासारखे नाही. परभाषेत मनुष्य आपल्याला म्हणावयाचे असते ते म्हणत नाही. म्हणता येते तेवढे म्हणतो. त्याच्या मनात शंका असते, पण शंकेचे व्याकरण अवघड असते. म्हणून तो होकार देऊन मोकळा होतो. त्याला म्हणावयाचे असते, 'मला हे पटते, परंतु पूर्णपणे नाही'. त्याच्या तोंडून येते, 'छान आहे'. असे महिनेच्या महिने गेले की समोरच्याला वाटू लागते, हा गृहस्थ साधाभोळा आहे, याला मते नाहीत. आणि भयंकर गोष्ट अशी की, काही काळाने त्याला स्वतःलाही तसे वाटू लागते. शब्दांचे दारिद्र्य हळूहळू विचारांपर्यंत झिरपते. आमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. मुका झालेला मनुष्य प्रथम केवळ लहान दिसतो. परंतु त्याला दीर्घकाळ लहान समजले गेले, तर तो खरोखर लहान होऊ लागतो.

यावर कोणी म्हणेल की, हे तर नम्रतेचे शिक्षण झाले. धर्मगुरूला ते चांगलेच. आम्ही या म्हणण्याचा बराच विचार केला आहे. नम्रता आणि मानहानी या दोन गोष्टी बाहेरून सारख्या दिसतात. दोहोंत मान खाली असते. परंतु नम्र मनुष्य आपली मान आपण वाकवितो, आणि मानहानी झालेल्याची मान दुसरा वाकवितो. रोमला जाणारा विद्यार्थी आपखुशीने जातो. त्याच्या पाठीशी धर्मप्रांत असतो, शिष्यवृत्ती असते, परतीचे तिकीट असते. आज आपण मुके आहोत, पण आपल्या देशात आपल्याला ऐकणारे आहेत, ही खात्री त्याला असते. म्हणून त्याचे लहानपण त्याला घडवू शकते. ज्याच्यापाशी यांतले काहीच नाही, त्याचे काय?

गोव्यातील कांदोळी येथे १७५६ साली जन्मलेल्या आबे फारिया यांची एक आख्यायिका या संदर्भात आठवते. ते वडिलांबरोबर युरोपात गेले, रोम येथे शिकले आणि १७८० साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. पुढे पोर्तुगालच्या राणीच्या प्रार्थनामंदिरात प्रवचनास उभे राहिले असता समोरचा सरदारवर्ग पाहून त्यांची वाचाच बसली. तेव्हा खाली बसलेले वडील हळूच कोकणीत पुटपुटले: ही सगळी भाजी आहे, काप रे भाजी! आणि मुलाची जीभ मोकळी झाली. ज्यांना संमोहनशास्त्राचे एक आद्य प्रवर्तक म्हणून जग ओळखते, त्या पंडिताला रोमच्या विद्येने त्या क्षणी तारले नाही. घरच्या चार शब्दांनी तारले. मात्र त्यासाठी घरची भाषा जाणणारे कोणीतरी त्या दरबारात बसलेले असावे लागले. आम्हांला या कथेचा खरा गाभा तेथे दिसतो.

आता हे सारे आम्ही जेथे बसून लिहीत आहोत, त्या सारंगखेड्याविषयी. किनाऱ्याकडील वाचकांना हे गाव घोड्यांच्या बाजारामुळे ऐकून माहीत असेल. तापीच्या काठी, शहादे तालुक्यात, एकमुखी दत्ताचे मंदिर आहे. दत्तजयंतीला, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमेला, येथे यात्रा भरते आणि राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेश अशा दूरदूरच्या मुलखांतून घोडे येतात. नुकरा, अबलख, पंचकल्याण हे शब्द चहूकडे ऐकू येतात. या बाजारात भाषेची एक गंमत दिसते. मारवाडकडचा व्यापारी मोडकी हिंदी बोलतो, घेणारा त्याहून मोडकी बोलतो. कोणी अहिराणीत विचारतो, कोणी गुजरीत उत्तर देतो. बोटे दाखविली जातात, घोड्याचे दात पाहून वय ठरते आणि सौदा होतो. कोणी कोणाच्या व्याकरणाला हसत नाही. कारण दोघांनाही एकमेकांची गरज आहे, आणि गरज सारखी असली की भाषेचा प्रत्येक तुकडा पुरेसा होतो. बाजारात मोडकी भाषा चालते. ती चालत नाही दरबारात, कचेरीत आणि शाळेत, जेथे एकालाच दुसऱ्याची गरज असते.

यात्रा उठते, घोडे जातात. गावे उरतात. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यातील सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत. भिली, मावची, पावरी अशा त्यांच्या भाषा. पहिलीच्या वर्गात बसलेल्या एखाद्या भिल्ल मुलाचा विचार करा. पुस्तकात 'आई' असे छापलेले असते. त्याच्या घरी कदाचित तिला 'याहा' म्हणत असतील. सातपुड्याच्या याहामोगी देवीच्या नावात तोच शब्द आहे. ज्या दिवशी तो शाळेत येतो, त्या दिवशी तो आपल्याच गावात परदेशी होतो. जंगलातील पन्नास झाडे त्याला नावानिशी माहीत असतात. पण ती नावे विचारली जात नाहीत. जे विचारले जाते त्याचे उत्तर त्याला कळते, सांगता येत नाही. तो गप्प बसतो, होकार भरतो, इतर हसले की हसतो. रोममध्ये शिकलेल्या माणसाला हा मुलगा ओळखू येऊ नये काय? फरक एवढाच की, याचे वय सहा वर्षांचे आहे, त्याने हा प्रवास मागितलेला नाही, आणि त्याच्या खिशात परतीचे तिकीट नाही. वर्षअखेरीस त्याच्याविषयी 'मंद' असा शेरा झाला, तर तो त्याच्या बुद्धीवरचा शेरा नसतो; ऐकणाऱ्याच्या कानावरचा असतो.

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५०क मध्ये, १९५६ पासून, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याची अपेक्षा नमूद आहे. २०११ च्या जनगणनेत भिली-भिलोडी ही मातृभाषा सांगणारे एक कोटी चार लाखांहून अधिक होते. तरीही ती आठव्या अनुसूचीत नाही. २००३ साली तेथे स्थान मिळालेल्या संताळीचे भाषक याच जनगणनेत त्यांहून कमी, म्हणजे सुमारे चौऱ्याहत्तर लाख होते. आकड्यांनी भाषेला मान मिळत नाही, हे यावरून दिसते. याच शहादे परिसरातील कवी वाहरू सोनवणे यांनी भिली आणि मराठी अशा दोन्ही भाषांत लिहिले. 'स्टेज' या त्यांच्या प्रसिद्ध कवितेचा विषयच असा की, दुःख एकाचे आणि मंचावरून ते सांगणारा दुसराच. आम्ही प्रवचनपीठावर उभे राहणाऱ्यांनी ती कविता वारंवार वाचावी अशी आहे.

मग या मुलांना मराठी शिकवूच नये काय? असे म्हणणे वेडेपणाचे होईल. आम्हांला रोममध्ये इटालियनची जेवढी गरज होती, तेवढीच त्यांना येथे मराठीची, आणि पुढे इंग्रजीचीही आहे. कचेरीत सातबारा मागावयाचा आहे, दवाखान्यात दुखणे सांगावयाचे आहे. प्रश्न शिकण्याचा नाही. शिकण्याच्या वाटेचा आहे, आणि त्या वाटेवर प्रथम पाऊल कोणी टाकावयाचे याचा आहे. संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मनिवेदनात एक सूक्ष्म निरीक्षण नोंदविले आहे. लॅटिन ते दायांच्या लाडात, हसतखेळत शिकले. ग्रीक त्यांना शिक्षेच्या धाकाने शिकविली गेली, आणि तिची त्यांना नावड बसली. भाषा शिकावयास धाकापेक्षा मोकळे कुतूहल अधिक उपयोगी पडते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. चर्चच्या त्या महापंडिताचे ग्रीक कच्चे राहिले, यात त्या छडीचा वाटा किती असेल!

प्रथम पाऊल कोणी टाकावयाचे, याचे उत्तर पवित्र शास्त्रात स्पष्ट आहे. पन्नासाव्या दिवशी यरुशलेमात देशोदेशींचे लोक जमले होते. त्या दिवशीचा चमत्कार असाही होऊ शकला असता की, सर्व श्रोत्यांना एकाएकी गालीलची बोली समजू लागली. तसे झाले नाही. प्रत्येकाला आपापल्या भाषेत ऐकू आले. जिभा बदलल्या त्या बोलणाऱ्यांच्या. ज्यांच्यापाशी सांगण्यासारखे काही होते, ते वाकले. त्याआधी स्वतः देवपुत्रानेही हेच केले. लॅटिनमध्ये तान्ह्या मुलाला 'इन्फान्स' म्हणतात, म्हणजे ज्याला बोलता येत नाही तो. जो शब्द आदीपासून होता, तो बोलता न येणारा बालक झाला आणि नाझरेथच्या एका घरात आईच्या तोंडाकडे पाहून अरामी भाषा शिकला. तीही राजधानीची नव्हे. त्या गालीलच्या बोलीवरून पुढे वाड्याच्या अंगणात संत पेत्र ओळखले गेले. देवाने जर कोणाला आपली भाषा शिकून येण्याची अट घातली असती, तर तारणाचा इतिहास सुरूच झाला नसता.

आपल्या भूमीत या मार्गाने चाललेले सर्वांत मोठे उदाहरण फादर स्टीफन्स यांचेच. इंग्लंडमध्ये जन्मलेला हा मनुष्य १५७५ साली रोम येथे येशूसंघात दाखल झाला आणि १५७९ साली गोव्यात उतरला. त्याच्यापाशी राज्यकर्त्यांची पोर्तुगीज होती, चर्चची लॅटिन होती. सत्ता त्याच्या बाजूची होती. त्याला मराठी शिकण्याची सक्ती करील असा कोणी नव्हता. तरी साष्टीच्या लोकांत राहून तो शिकला, आणि १६१६ साली सुमारे अकरा हजार ओव्यांचे क्रिस्तपुराण छापून निघाले. सदतीस वर्षे ऐकल्याशिवाय अशी जीभ येत नाही.

धर्मगुरूच्या जीवनात याचा कस पापनिवेदनाच्या वेळी लागतो. उन्हाळ्यात आम्ही परदेशी विद्यार्थी इटलीतील खेड्यांच्या चर्चमध्ये मदतीस जात असू. म्हाताऱ्या स्त्रिया आपल्या स्थानिक बोलीत बोलत. अर्थ हाती लागे तो तुकड्यांनी. चर्चचा कायदा उदार आहे. दुभाष्याकरवी पापनिवेदन करण्यासही त्याची हरकत नाही (कॅनन ९९०). संस्काराची कृपा व्याकरणावर अवलंबून नसते, हे आम्ही जाणतो. परंतु माणूस ज्या भाषेत रडतो, त्याच भाषेत पश्चात्ताप करतो. सातपुड्याच्या पायथ्याची एखादी वृद्धा आयुष्यभराचे ओझे घेऊन गुडघे टेकते, तेव्हा तिने मराठी वाक्य जुळवीत बसावे, की समोरच्याने तिचे शब्द शिकून घ्यावेत? या प्रश्नाचे उत्तर देण्यास ईशज्ञानाची पदवी लागत नाही.

कोणी विचारील, एका धर्मगुरूने अहिराणी, गुजरी, भिली, मावची, पावरी अशा किती भाषा शिकाव्यात? सर्व शिकणे कोणालाच शक्य नाही, आणि बदली झाली की पुन्हा नवी वाट. परंतु एक भाषा नीट शिकणे आणि उरलेल्यांत निदान आई, भाकर, दुखणे, मरण यांची नावे विचारून घेणे, हे कोणालाही शक्य आहे. आमचे उच्चार ऐकून येथील मुले पोट धरून हसतात. रोमच्या टेबलावरही हसू होतेच. तेव्हा मन आक्रसून जाई. आताच्या हसण्याने मन मोकळे होते. जो शक्तिमान त्याने दुबळ्याला हसले की ती मानहानी. दुबळ्याला शक्तिमानाकडे पाहून हसता आले की तेथे मैत्री सुरू होते. शिवाय त्या घटकेला ते मूल गुरू असते आणि आम्ही शिष्य. ज्याला एकदा गुरू होता आले, ते मूल पुढे शिष्य व्हावयास घाबरत नाही.

इटालियनमध्ये अनोळखी माणसाला आदराने 'लेइ' म्हणतात. देवाला मात्र 'तू'. मराठीतही परक्याला आपण 'आपण' म्हणतो, आणि आईला व देवाला 'तू'. दोन्ही भाषांनी सर्वांत लहान शब्द सर्वांत जवळच्यासाठी राखून ठेवला आहे. भाषा शिकण्याचा शेवट विद्वत्तेत होत नाही, अशा जवळिकीत होतो. ज्यांना परदेशी कोणीतरी धीर धरून ऐकून घेतले, चुकलेला शब्द न हसता हाती दिला, पावाच्या दुकानात दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा सावकाश सांगितले, त्यांच्या जिभेवर एक ऋण आहे. ते रोमला जाऊन फेडता येत नाही. त्या आजीबाईंना त्याची गरजही नाही. ते येथेच, जो आपल्यापुढे गप्प उभा आहे त्याच्यापाशी फेडावयाचे आहे. आणि त्याची पहिली फेड म्हणजे आपण बोलणे थांबवून त्याला विचारणे, की याला तुमच्यात काय म्हणतात?